विकास आराखड्याची ‘सूचना व हरकती’ खिडकी: स्वस्त घरं मागणाऱ्यांना कितपत कामाची?

पाणीपट्टी ऑनलाइन भरता येते का, जन्मदाखला किती दिवसांत मिळतो, यावर लोक भरभरून लिहितात. शहराचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा ज्या खिडकीवर बदलून मागता येतो, तिच्याबद्दल मात्र कुणी चार ओळीही लिहीत नाही. ही खिडकी म्हणजे नगररचना विभागाची ‘सूचना व हरकती’. चर्च, मंदिर, मशीद, बुद्धविहार किंवा गुरुद्वाऱ्याभोवती जमणाऱ्या गटांनी परवडणाऱ्या घरांसाठी ती वापरायची ठरवली, तर हाती काय लागतं आणि काम कुठे अडतं, एवढंच इथे पाहू.

निकाल आधीच सांगून टाकतो. ‘हे नको’ म्हणायला ही सेवा चांगली आहे, पाचपैकी साडेतीन. ‘इथे घरं हवीत’ म्हणायला कशीबशी दीड. तरी वापरावी, कारण आराखड्यात घरं मागण्याचा दुसरा कायदेशीर दरवाजा सामान्य माणसाला फारसा नाही.

सेवेचा पाया महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. कलम २५ खाली आधी विद्यमान भूवापर नकाशा होतो, म्हणजे आज कुठे काय आहे याची नोंद. कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन सूचना-हरकती मागवल्या जातात. कलम २८ खाली नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार जाणकार असतात. मग कलम ३० खाली आराखडा सरकारकडे जातो आणि कलम ३१ खाली मंजूर होतो. कागदावर रस्ता सरळ आहे. प्रत्यक्षात लोक उगवतात ते कलम २६ ला, आणि चूक झालेली असते कलम २५ ला. वस्ती जर विद्यमान नकाशात ‘मोकळी जागा’ म्हणून दाखवली गेली असेल, तर प्रारूपात तिच्यावर बाग किंवा रस्ता पडणारच. तुमच्या शहराचा आराखडा आता कुठे सुरू होत असेल, तर प्रारूपाची वाट बघत बसू नका. विद्यमान भूवापराचा नकाशा मागा आणि आपली वस्ती, चाळ, गावठाण त्यात आहे का ते पाहा.

लोकांचं दडपण या खिडकीला झेपतं, हे मुंबईने दाखवून दिलंय. २०१५ च्या फेब्रुवारीत आलेल्या प्रारूपात कोळीवाडे आणि गावठाणं नीट दाखवलेली नव्हती, प्रार्थनास्थळांच्या आणि वारसा वास्तूंच्या नोंदी चुकलेल्या होत्या. हजारोंनी हरकती गेल्या. त्यात पॅरिशपॅरिशमधून, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या समाजातून, काम करणाऱ्या बॉम्बे कॅथलिक सभेसारख्या संघटना होत्या, वस्त्यांत नकाशे घेऊन फिरणारं ‘हमारा शहर विकास नियोजन अभियान’ही होतं. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा बाजूला ठेवायला लावला. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आलं, हरकतींसाठी ६० दिवस मिळाले आणि अंतिम मंजुरी मे २०१८ मध्ये झाली.

वसईचं उदाहरण त्याहून जुनं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालच्या हरित वसई संरक्षण समितीने तिथल्या नागरीकरणाच्या योजनेविरुद्ध गावंच्या गावं उभी केली. श्रद्धेभोवती जमलेली माणसं नियोजनात किती वजन टाकू शकतात, याचा महाराष्ट्रातला हा ठळक दाखला. पण ते वजन हिरवाई वाचवायला, म्हणजे ‘नको’ म्हणायला पडलं होतं. ते योग्यच होतं. मात्र तेवढ्याच ताकदीने एखाद्या समाजाने ‘आमच्या वॉर्डात गरिबांसाठी अमुक जागेवर घरं दाखवा’ म्हटल्याची उदाहरणं शोधावी लागतात. खरी उणीव तिथे आहे आणि त्यात सगळा दोष महापालिकेचा नाही.

आता मागणीपत्राकडे. बहुतेक पत्रं इथेच वाया जातात. ‘आमच्या भागात परवडणारी घरे व्हावीत ही नम्र विनंती’ असं लिहिलेला कागद समितीपुढे जातो आणि ‘धोरणात्मक बाब, नोंद घेतली’ असा शेरा घेऊन परत येतो. आराखडा जमिनीच्या तुकड्यांत विचार करतो, भावनेत नाही. म्हणून पत्रात नगर भूमापन क्रमांक, ग्रामीण पट्ट्यात गट किंवा सर्व्हे क्रमांक, नकाशाचा शीट क्रमांक आणि त्या जागेवर प्रस्तावित केलेल्या आरक्षणाचा (म्हणजे बाग, शाळा, दवाखाना अशा कामासाठी जागा राखल्याचा) क्रमांक हवाच. सोबत मिळकत पत्रिका किंवा सातबारा, भाग नकाशा आणि त्यावर लाल पेनाने आखलेली हद्द.

मागणीची भाषाही नेमकी हवी. ‘परवडणारे’ हा शब्द एकटा कधीच सोडू नका. जीएसटीच्या हिशेबाने महानगरात ६० चौरस मीटर चटईक्षेत्राचं, ४५ लाखांपर्यंतचं घर परवडणारं ठरतं. म्हाडाच्या २०२२ च्या मर्यादेप्रमाणे मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेशात अत्यल्प उत्पन्न गट म्हणजे वर्षाला ६ लाखांपर्यंतचं कौटुंबिक उत्पन्न, अल्प गट ९ लाखांपर्यंत. वर्षाला ६ लाखांत घर चालवणाऱ्याला ४५ लाखांचं घर कोणतीही बँक देणार नाही. तेव्हा सरळ लिहावं: ‘नगर भूमापन क्रमांक अमुक, क्षेत्र अमुक चौरस मीटर, मालकी महापालिका. या जागेवर अत्यल्प व अल्प उत्पन्न गटासाठी घरे, त्यातील अमुक टक्के भाड्याची, असे आरक्षण दर्शवावे.’ गट लिहिला नाही तर तो दुसरा कुणीतरी भरतो, आणि तो वरचाच भरतो.

जागा निवडताना खासगीपेक्षा सरकारी किंवा महापालिकेची निवडा. खासगी जमिनीवर आरक्षण टाकलं की ती घ्यायला पैसा, टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा भूसंपादन लागतं. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत ती घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक नोटीस देतो आणि २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं आणि जमीन मालकाला मोकळी होते. अशी कितीतरी मैदानं आणि शाळा कागदावरच मेल्या. घरांचं वेगळं काय होणार? दुसरी वाट म्हणजे मालकाने आरक्षणाचा भाग बांधून द्यायचा आणि उरलेल्या जागेवर स्वतःचं बांधकाम करायचं. ही सोय तुमच्या शहराच्या नियमावलीत त्या प्रकारच्या आरक्षणाला लागू आहे का, ते पत्र लिहिण्याआधी तपासा.

एक सावधगिरी. मैदान किंवा दवाखान्याचं आरक्षण काढून घरं मागू नका. शेजारची सोसायटी तुमच्या विरोधात जाईल, समितीला नकार द्यायला आयतं कारण मिळेल, आणि उद्या त्याच घरांतल्या पोरांना खेळायला जागा उरणार नाही.

नकाशे मिळण्याचा अनुभव दोनपैकी एका टोकाचा असतो. मोठ्या महापालिका संकेतस्थळावर पीडीएफ टाकतात. फाइल जड, रंगांच्या खुणा एकमेकींत मिसळलेल्या, मोबाइलवर काही वाचता येत नाही. लहान नगरपरिषदेत नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लावलेला असतो आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत दार बंद. सांगण्यासारखा उपाय एकच: नगररचना विभागातून शुल्क भरून आपल्या भागाची मोठी छापील प्रत घ्या आणि ती प्रार्थनास्थळाच्या सभागृहात भिंतीवर लावा. रविवारच्या मिस्सानंतर, शुक्रवारच्या नमाजानंतर, काकड्याला किंवा वंदनेला जी माणसं आपसूक जमतात, ती कुठल्याही जनसुनावणीला जमत नाहीत. घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले, सुरक्षारक्षक नकाशावर आपलं घर बोटाने शोधतात, तेव्हा विद्यमान भूवापरातल्या चुका पटापट सापडतात. ‘इथे तर आमची चाळ आहे, हिरवा रंग कसा?’ या एका प्रश्नातून नेमकी हरकत तयार होते.

छापील अर्जांचा मोह टाळा. एकाच मजकुराचे दोन हजार अर्ज गेले की विभाग ते एका गठ्ठ्यात बांधतो आणि बहुतेकदा एकच सुनावणी देतो. त्यापेक्षा वेगवेगळ्या जागांबद्दलची, वेगवेगळ्या कारणांची चाळीस पत्रं जास्त काम करतात. एका पत्रात एकच मुद्दा. शेवटी ‘मला प्रत्यक्ष सुनावणी हवी आहे’ हे वाक्य विसरू नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या; ईमेल केला असला तरी खिडकीवर एक प्रत द्याच. मुदत शहराशहरात आणि टप्प्याटप्प्यात वेगळी असते, ती नोटिशीतच वाचा आणि राजपत्रातल्या तारखेपासून मोजा, वर्तमानपत्रातल्या बातमीपासून नाही.

प्रार्थनास्थळाची स्वतःची जमीन असेल तर गोष्ट वेगळ्या वळणावर जाते, आणि इथे ही खिडकी एकटी पुरत नाही.

पहिलं, जमीन नक्की कुणाची? देवस्थान इनाम वर्ग ३ ची, म्हणजे पूर्वी देवस्थानाच्या खर्चासाठी इनाम दिलेली, असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय ती हस्तांतरित होत नाही. पुजारी किंवा वहिवाटदार मालक नसतो, सातबाऱ्यावर त्याचं नाव कितीही ठसठशीत असलं तरी. वक्फ मिळकत विकता येत नाही, आणि भाडेपट्ट्यासाठी वक्फ मंडळाकडे जावं लागतं. कॅथलिक पॅरिशची जमीन सहसा धर्मप्रांताच्या ट्रस्टकडे असते, त्यामुळे धर्मगुरूंची सही पुरत नाही. सार्वजनिक न्यासाची जमीन असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चं कलम ३६ लागतं. विक्री, अदलाबदल, बक्षीस, किंवा बिगरशेती जमीन अथवा इमारत तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायची (शेतजमिनीला ही मर्यादा दहा वर्षं), तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी.

आणि खरी गाठ त्या परवानगीत आहे. आयुक्त पाहतात ते न्यासाचं हित. विश्वस्तांचा ठराव, मूल्यांकन अहवाल, वर्तमानपत्रातली जाहिरात, आलेल्या निविदा या सगळ्यांचा रोख जास्तीत जास्त दर मिळवण्याकडे. स्वस्त घरांसाठी कमी भाड्याने जमीन द्यायची म्हटलं की प्रश्न येतो, न्यासाचं नुकसान का करता? याचं उत्तर न्यासाच्या उद्देशांत असावं लागतं. कलम ९ धर्मादाय उद्देशांत गरिबी किंवा हालअपेष्टांचं निवारण धरतं, पण निव्वळ धार्मिक शिक्षणाचा किंवा पूजेचा उद्देश त्यात धरत नाही. न्यासाच्या घटनेत फक्त पूजाअर्चा आणि उत्सव लिहिलेले असतील तर स्वस्त भाड्याचा प्रस्ताव पहिल्याच पायरीवर लंगडा पडतो. आधी उद्देशांत निवाऱ्याची सोय आणा, त्यासाठी न्यासाच्या वकिलाशी बसा, मग जमिनीचं बोला. बरेच उत्साही गट हे उलट क्रमाने करतात: आधी बिल्डरशी बोलणी, मग नकाशे, आणि घटना उघडून पाहायची वेळ येते धर्मादाय आयुक्तांच्या नोटिशीनंतर.

त्यातून पुढे गेलात, तर आराखड्यात ती जागा बहुधा सार्वजनिक-निमसार्वजनिक वापरात दाखवलेली असते. घरांसाठी ती बदलायची तर आराखडा तयार होत असतानाच मागणी करा. मंजुरीनंतर कलम ३७ चा फेरबदल लागतो: महापालिकेचा ठराव, एक महिन्याची सूचना-हरकतींची नोटीस, मग सरकार. तेव्हा शेजारी पार्किंगचा आणि ‘बाहेरच्या लोकांचा’ मुद्दा काढणारच, त्याची तयारी ठेवा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदाच करून ठेवला: धार्मिक संस्थांच्या जमिनीवर, ठरलेल्या अटी पाळल्या की, झोनिंग (कुठे काय बांधायचं याचे नियम) आड न येता स्वस्त घरं बांधता येतात आणि नगरपालिकेच्या मर्जीवर परवानगी अडत नाही. आपल्याकडे असा सरळ रस्ता नाही. चार खिडक्या फिराव्या लागतात आणि प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीचा कागद आधी मागते.

समाजाने समाजासाठी घरं बांधण्याची परंपरा मात्र मुंबईत जुनी आणि भरीव आहे. गावदेवीत १९१५ साली सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, पुढे वांद्र्यात कॅथलिकांनी काढली. पारशी पंचायतीच्या बागांतली घरं आजही हजारोंच्या संख्येत मोजावी लागतात. पण ही घरं आपल्यातल्यांसाठी होती. सहकारी संस्थेने सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एका पारशी संस्थेच्या प्रकरणात वैध धरलं. तरी आराखड्यातली सवलत, जादा एफएसआय (भूखंडावर जास्त बांधकामाची मुभा) किंवा सरकारी जमीन मागताना ‘आमच्या समाजासाठी’ हे शब्द पत्रात आले की मागणी हरलीच म्हणून समजा. आणि ती हरावीच, असं आमचं मत. सार्वजनिक नकाशावर मागायचं तर उत्पन्नाच्या निकषावर मागावं. विहाराने, मशिदीने आणि देवळाने मिळून एकाच जागेसाठी तीन स्वतंत्र पत्रं दिली, तर समितीला ती बाजूला सारणं जड जातं.

ज्यांच्याकडे ना जमीन आहे ना आराखडा सध्या चालू आहे, त्यांच्यासाठी सोपं काम उरतं: जे नियमात आहे ते बांधलं जातंय का, हे पाहणं. मुंबई सोडून राज्याच्या बहुतेक भागाला २०२० च्या डिसेंबरमध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यातल्या सर्वसमावेशक गृहनिर्माणाच्या तरतुदीने दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत ४००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांत २० टक्के वाटा अत्यल्प व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायला लावला. पळवाट उघड आहे. भूखंडाचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा ४००० च्या खाली ठेवायचा. दुसरी पळवाट म्हणजे घरं बांधायची, पण म्हाडाला कळवायचंच नाही. २०२२ मध्ये नाशिकमधल्या अशा घरांचा विषय विधान परिषदेत गाजला, तो याच तरतुदीवरून.

तपासायला फार काही लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये फी, तीस दिवस. विचारायचं एवढंच: मागच्या तीन वर्षांत मंजूर झालेल्या रेखांकनांची यादी क्षेत्रासह द्या, त्यांपैकी किती प्रकल्पांना २० टक्क्यांची अट लावली, आणि म्हाडाला पाठवलेल्या पत्रांच्या प्रती द्या. ३८०० आणि ३९५० चौरस मीटरचे शेजारशेजारचे भूखंड एकाच मालकाचे निघाले, की पुढचा अर्ज कशावर करायचा ते सांगावं लागत नाही. पॅरिशच्या किंवा मंडळाच्या एखाद्या निवृत्त तलाठ्याला, अभियंत्याला हे काम द्या. अशी माणसं प्रत्येक समाजात असतात आणि कुणी विचारत नाही म्हणून पेपर वाचत बसलेली असतात.

सुनावणी हा सेवेचा सगळ्यात कच्चा भाग. नोटीस अनेकदा उशिरा येते, वेळ कामाच्या दिवशी असते आणि बोलायला पाच-दहा मिनिटं मिळाली तर नशीब. रोजंदारीवरचा माणूस खाडा करून येतो आणि दोन तास बाकावर बसतो. म्हणून संस्थेच्या लेटरहेडवर ठराव करून एका प्रतिनिधीला अधिकारपत्र द्या, सोबत वस्तीतली दोन माणसं असू द्या. नकाशाची ए-३ प्रत समितीच्या टेबलावर ठेवा आणि बोटाने दाखवून बोला. गरिबीवर भाषण नको. जागा, आज तिथे काय आहे, काय हवं, कोणत्या गटासाठी, जमीन कुणाची, एवढंच. समितीने प्रश्न विचारला तर तो लिहून घ्या आणि दोन दिवसांत लेखी उत्तर आवक करून टाका. तोंडी बोललेलं अहवालात येईलच असं नाही.

त्यानंतर शांतता. तुमच्या पत्राचं काय झालं हे घरी कळवणारी व्यवस्था भरवशाची नाही. नियोजन समितीचा अहवाल माहिती अधिकारात मागवा आणि आपल्या आवक क्रमांकासमोरचा शेरा पाहा. समितीने मान्य केलेलंही पुढे बदलू शकतं, त्यामुळे आराखडा सरकारकडे गेल्यावर संचालक, नगररचना यांच्याकडे त्याच पत्राची प्रत पाठवून ठेवा.

मंजुरीच्या अधिसूचनेत एक गोष्ट बहुतेक जण वाचतच नाहीत. सरकार काही भाग मंजूर न करता बाजूला काढून ठेवतं आणि त्यावर पुन्हा सूचना-हरकती मागवतं. मुंबईत २०१८ मध्येही असंच झालं. त्या वगळलेल्या भागांच्या यादीत आपला नगर भूमापन क्रमांक आहे का ते आधी शोधा. असेल तर जुनी फाइल, तोच भाग नकाशा आणि नवं आवरणपत्र घेऊन ठरलेल्या अधिकाऱ्यापुढे जा. या फेरीला गर्दी कमी असते, आणि आलेली हरकत माणूस नीट वाचतो.